डिग्रीनानांची पिंप्री

माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण विचारत होता, "कशानं गेले?" सोनवणे नानांनी विचारलं, "कुठे गेले?"

मी म्हणालो, "गावी, नाना. तिकडचं सगळं आटोपून कालच सुरतेला परत आलो."

"गाव कुठे?"

"साक्रीकडे."

"कडे म्हणजे?" नाना सतरंजीवर पुढे सरकले. "साक्रीकडे तोंड करून तर मी इथेही बसलोय. नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

दुःखात माणूस फार आज्ञाधारक होतो. नानांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर आमच्या भागाचा आकाशातून घेतलेला फोटो होता. मी डोळे पुसत रस्ता शोधला, नदी शोधली, आमच्या घराचे पत्रे शोधले आणि त्यावर बोट ठेवलं. "हे घर. हा पुढचा ओटा."

"नक्की? शेजाऱ्याचा गोठा नाही ना?"

"नाही."

"बरं, येतो," म्हणून नाना उठले. सांत्वनाचा एक शब्द नाही. आमच्या बायकोनं त्यांच्या पाठीकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर त्यांना लागली असती तर तिथेच जिना चुकले असते.

दोन-चार दिवसांनी नाना पुन्हा दारात. चेहरा उजळलेला. "पवार, झालं बघा तुमचं काम."

"कसलं काम?"

"तुमच्या गावाच्या लेखात अक्षांश-रेखांश घातले. नकाशाची लिंकपण दिली. इतकी वर्षं बिचारं गाव नुसतं नावावर लटकलेलं होतं. आता खुंटी ठोकली. अमेरिकेतला माणूससुद्धा सरळ तुमच्या वडिलांच्या ओट्यावर येऊन उभा राहील."

अमेरिकेतल्या माणसाचं आमच्या वडिलांकडे काय काम, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण नाना गेल्यावर मी ती लिंक उघडली. ओटा दिसला. वर पसरलेली लिंबाची सावलीही दिसली. इतक्या लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं ते त्या लिंकनं.

आमची सोसायटी सुरतेतल्या बमरोलीची. चहूबाजूंनी कापडाचे लूम चालतात, त्यामुळे इथली माणसं एरवीही ओरडूनच बोलतात. राहणारे निम्म्याहून अधिक खानदेशी. बाकी कोणी बीडचे, कोणी बुलढाण्याचे. नाना तिसऱ्या मजल्यावर. अंगानं सडपातळ, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि गळ्यात दोरीनं बांधलेली मोबाइलची पिशवी. ती शोभाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, साडीच्या फॉलच्या कापडातून शिवलेली. लोकांच्या गळ्यात माळ असते, नानांच्या गळ्यात नकाशा.

इंटरनेटवर तो एक खुला ज्ञानकोश आहे ना, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही लिहिलेलं खोडू शकतं, तिथे नाना सेवानिवृत्तीनंतर रुजू झाले. तिथे गावांवर, देवळांवर, नद्यांवर मराठीत लेख असतात. नाना त्यात एक वाक्य लिहीत नाहीत. इतिहास नाही, यात्रा नाही, ग्रामदैवत नाही. फक्त वर कोपऱ्यात अक्षांश, रेखांश आणि नकाशाची लिंक. "गाव काय आहे ते कोणीही सांगेल हो," ते म्हणतात. "कुठे आहे ते आधी सांगा. जे कुठेच नाही त्याचं कौतुक काय करायचं?"

दिवसभर तोंडात एकवीस डिग्री, अमुक मिनिटं, तमुक सेकंद. म्हणून सोसायटीनं नाव ठेवलं डिग्रीनाना. नव्या भाडेकरूंना वाटतं, माणूस भयंकर शिकलेला आहे. एकदा तळमजल्यावरचे गृहस्थ मुलीच्या ॲडमिशनचा सल्ला घ्यायला त्यांच्याकडे गेले. "नाना, कोणती डिग्री चांगली?" नाना म्हणाले, "डिग्री कोणतीही चालेल. सेकंद चुकायला नको. सेकंद चुकला तर माणूस शेजारच्या शेतात जातो." त्या मुलीला शेवटी नर्सिंगला घातलं, पण तो सल्ला तिच्या वडिलांना अजून उलगडलेला नाही.

हे वेड अचानक आलेलं नव्हतं. नानांचं उभं आयुष्य रिंग रोडच्या कापड मार्केटात, एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात गेलं. साड्यांची पार्सलं कुठे जायची, हे ते ठरवत. पिंपळगावचं पार्सल पिंपळनेरला गेलं की व्यापारी यांच्या डोक्यावर बसे. "पिंपळगाव, पिंपळनेर, पिंपळकोठा," नाना अजून चिडतात. "नावं ठेवणाऱ्यांना दुसरं झाड दिसलंच नाही काय?"

त्या ज्ञानकोशात त्यांचा एक वैरीही होता. 'सह्याद्रीपुत्र' या नावानं वावरणारा. हा पुत्र प्रत्येक गावाच्या लेखात 'निसर्गरम्य' हा शब्द घाली. नाना तो काढत. तो परत घाली. "निसर्गरम्य!" नाना जिन्यात मला थांबवून सांगत. "त्या गावात एक बाभूळ आहे, पवार. मी वरून पाहिलंय. एक." या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण सह्याद्रीपुत्र आठवडाभर दिसला नाही तर नाना अस्वस्थ व्हायचे. "आजारी असेल का हो? सगळी गावं तशीच पडलीयत, कोणीच रम्य केलेली नाहीत."

घरात मात्र या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नसे. शोभाकाकू म्हणायच्या, "अख्खा खानदेश सापडतो यांना. फक्त चहाची साखर कुठल्या डब्यात आहे ते विचारू नका."

सुट्टीच्या दिवशी नाना मला माझ्या स्कूटरसकट पळवत. एकदा चलथाणला नेलं. कारण, ज्ञानकोशातली चलथाणची खूण उसाच्या शेतात पडली होती. आता साखर कारखान्याचं गाव म्हटल्यावर उसात खूण पडली तर काय बिघडलं, असं मी म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "तुम्ही कापडाच्या मिलमध्ये कामाला आहात. उद्या तुमचा पत्ता कापसाच्या शेतात दिला तर चालेल?" मी पलसाण्याच्या एका डाइंगच्या युनिटात डिस्पॅच बघतो. मी स्कूटर स्टँडवर लावली.

प्रश्न असा होता की गावाचा मध्य कोणता? नानांनी चहाच्या हातगाडीवाल्याला विचारलं, "भाई, गामनुं सेंटर क्यां?" तो हातातलं पातेलंही खाली न ठेवता म्हणाला, "काका, गाम तो आ मारी लारीथीज शरू थाय छे." म्हणजे, गाव त्याच्या गाडीपासूनच सुरू. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ते पटेना. तो म्हणाला, मंदिर. दुसरा म्हणाला, कारखान्याचा गेट. तिघांची जुंपली. नाना मध्ये उभे राहून तिन्ही ठिकाणांचे आकडे मोबाइलमध्ये घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं दुसऱ्या एखाद्याच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशात असतं.

एक मात्र होतं. दुनियेला 'कुठले' म्हणून विचारणाऱ्या या माणसाला कोणी उलट विचारलं, "नाना, तुम्ही कुठले?" की ते म्हणत, "इथलाच." आणि लगेच तुमच्या गावाची नदी विचारत. माणूस स्वतःच्या गावाच्या नदीविषयी बोलायला लागला की समोरच्याचं विसरतो. आम्ही सगळे विसरलो.

मग माझ्या धाकट्या भावाचं, संदीपचं लग्न ठरलं. मुलगी वैशाली, राहायला सुरतेतच काकांकडे, पण लग्न तिच्या गावी करायचं. गावाचं नाव पिंप्री. साखरपुडा सुरतेत झालेला, त्यामुळे आमच्यापैकी त्या गावी कोणी गेलेलं नव्हतं. आई आणि मामा मुलीकडच्या लोकांबरोबर आदल्या दिवशीच पुढे जाणार होते. नवरदेव, वऱ्हाड आणि बँड लक्झरी बसनं येणार होते, आणि बस माझ्या ताब्यात.

"रस्त्याची काळजी करू नका," नाना म्हणाले. "पिंप्रीला मी स्वतः खुंटी ठोकलीय. इथे उधन्याला एक जण भेटला होता पिंप्रीचा. त्यानं आपल्या हातानं बोट ठेवलं स्वतःच्या घरावर."

पत्रिकेवर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या खाली त्यांनी ठिपक्यांचा चौकोन छापायला लावला. मोबाइल धरला की ज्ञानकोशातला लेख उघडायचा आणि लेखातून नकाशा. छापखानेवाला म्हणाला, "इथे गणपती येतो." नाना म्हणाले, "गणपतीला रस्ता माहीत आहे. पाहुण्यांना नाही."

बसमध्ये नाना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. नवा शर्ट, गळ्यात पिशवी. वळण आलं की हात वर करत, जणू विमान उतरवतायत. आणि खरोखर, मुहूर्ताच्या बऱ्याच आधी बस एका गावात शिरली. कमानीवर लिहिलेलं होतं, 'पिंप्री ग्रामपंचायत आपले स्वागत करीत आहे.' ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, नेट बोले छे के आवी गया." बसमध्ये टाळ्या पडल्या. नानांनी मागे वळून किंचित मान झुकवली.

मारुतीचं देऊळ होतं, पाण्याची टाकी होती, शाळा होती. मंडप नव्हता.

"लवकर आलोय," नाना म्हणाले. "मंडप मागच्या आळीला असेल."

संदीप फेटा सावरत उतरला. बँडवाल्यांना वाटलं, उतरलो म्हणजे वाजवायचं. त्यांनी सुरुवात केली. गाव गोळा झालं. बायका पदर सावरत ओट्यांवर आल्या, पण कोणी पुढे येईना. सगळे कौतुकानं पाहत होते, जसं फुकटचा कार्यक्रम बघावा. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचे वडील, धनराजबापू.

"पवार भाऊ, कुठे आहात?"

"पोहोचलो, बापू. मारुतीच्या देवळापुढे उभे आहोत."

"मारुतीच्या देवळापुढे तर मी उभा आहे."

मी चारी बाजूंना पाहिलं. "मग पाण्याच्या टाकीजवळ या."

"टाकी माझ्या डोक्यावर आहे, भाऊ. बँड ऐकू येतोय मला."

"आमचाच तो!"

"फोनातून ऐकू येतोय. दुसऱ्या कानाला काहीच नाही."

नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बापू, सोनवणे बोलतोय. तुम्ही नेमके कोणत्या पिंप्रीत आहात?"

पलीकडून बापू इतक्या मोठ्यानं बोलले की बँड थांबला. "मी माझ्या घरी आहे!"

"हो, पण तुमचं घर लेखाप्रमाणे..."

मी फोन हिसकावून घेतला.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. डोळे बारीक, आवाज खणखणीत. सगळे तिला वेणूमाय म्हणत होते. तिनं विचारलं, "कोना घरना जावई शे रे हाऊ?" मी बापूंचं नाव सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला आला. "ती पिंप्री तिकडली, भो! वाट मोडीसन मांगे जानं पडी." म्हणजे, तो फाटा बराच मागे राहिला होता. एका नावाची दोन गावं, मध्ये दुसरा तालुका. उधन्याला भेटलेल्या त्या माणसानं बोट बरोबरच ठेवलं होतं, फक्त स्वतःच्या पिंप्रीवर. आणि ज्ञानकोशातला लेख होता वैशालीच्या पिंप्रीचा.

मी ड्रायव्हरला ओरडलो, बस वळव. पण वेणूमाय उठून उभी राहिली. "दारम्हाईन नवरदेव तसाच जाई? पानी पी ल्या पहिले." नवरदेव दारातून कोरडा परत जाऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि गावानं ऐकलं. पाण्याच्या कळश्या आल्या. लिंबाचं सरबत आलं. कोणीतरी संदीपला ओवाळलं. मग दोघं जण मोटरसायकलवर पुढे रस्ता दाखवायला निघाले, पार दुसऱ्या पिंप्रीच्या वेशीपर्यंत.

नाना तेवढा वेळ बसच्या टायरशेजारी उभे होते. वेणूमायनं त्यांच्यापुढे सरबताचा ग्लास धरला. त्यांनी घेतला नाही. बसमध्येही मग ते पुढे बसले नाहीत. पार शेवटी, ढोलवाल्याच्या बाजूला जाऊन बसले.

मुहूर्त गेला होता. लग्न गोरजावर लागलं. मुलीचे एक चुलते मांडवात मोठ्यानं म्हणाले, "जावई लग्नाले उना का गावं देखाले?" लोक हसले. वैशालीही हसली, म्हणून आम्ही वाचलो. पण आमच्या आईचा राग काही केल्या उतरेना. तिनं भरल्या पंगतीत नानांना गाठलं. "नाना, तुमच्या त्या अंशांपेक्षा आमची एस्टी बरी. कंडक्टर हात धरून उतरवतो."

ताटातला भात नानांनी एका बाजूला सारला, मग दुसऱ्या बाजूला सारला.

सोसायटीनं पुढे त्यांचं जे केलं ते सांगायलाच नको. लिफ्ट बंद पडली की कोणीतरी जिन्यातून विचारी, "नाना, लिफ्ट कितव्या डिग्रीवर अडकलीय?" दूधवाला चुकून दुसऱ्या दारात पिशवी ठेवून गेला की, "नानांची लिंक बघून आला वाटतं." नाना हसत. मोबाइलची पिशवी त्यांच्या गळ्यातून गेली. ती त्यांच्या घरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली मी पाहिली.

महिनाभरात शोभाकाकूच आमच्या दारात आल्या. "पवार भाऊ, यांना कुठेतरी न्या हो. दिवसभर माझ्या मागे स्वयंपाकघरात उभे असतात. काल मला म्हणाले, डाळ कुकरच्या खालच्या डब्यात का ठेवतेस? उभ्या संसारात मला यांनी डाळ विचारलेली नाही. मला भीती वाटायला लागलीय."

मी वर गेलो. नाना खिडकीत बसले होते.

"नाना, रविवारी जायचं का कुठे? पलसाण्याकडे?"

मी मुद्दाम 'कडे' म्हणालो होतो. त्यांनी टोकलंही नाही. बाहेर बघतच म्हणाले, "पिंप्रीला याल का?"

"कोणत्या?"

"चुकीच्या."

मला वाटलं, ऐकण्यात चुकलं. नाना म्हणाले, "त्या गावावर मी लेखच कधी पाहिला नव्हता. एका पिंप्रीचं नाव आहे, दुसरीचं नाहीच. म्हणून तर घोटाळा झाला. त्यांचा काही दोष नसताना त्यांच्या दारात मी वरात उभी केली, आणि त्या बाईंचं सरबतसुद्धा घेतलं नाही. जाऊन सांगायला हवं."

उधन्याहून आम्ही ताप्ती लाइनची गाडी धरली. डब्यात सगळे आमचेच लोक. बसल्या बसल्या गावांची चौकशी सुरू झाली. समोरच्या माणसानं मला विचारलं, मी सांगितलं. मग नानांना विचारलं, "दादा, तुमचं गाव?"

"सुरत."

"ते पोटाचं झालं हो. गाव कोणतं?"

नाना खिडकीबाहेर बघायला लागले. त्या माणसाला वाटलं, ऐकू कमी येतं. त्यानं आवाज चढवून पुन्हा विचारलं. मी मध्येच काहीतरी बोलून विषय नंदुरबारच्या मिरचीवर नेला. तो माणूस नंदुरबारलाच उतरला, तेव्हा समोरचं बाक रिकामं झालं.

नाना म्हणाले, "मला गाव नाही, पवार."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"वडील आईला घेऊन निघून आले होते. जात वेगळी. दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. वडिलांनी सुरतेत पाय ठेवला आणि ठरवलं, त्या गावाचं नाव या घरात निघायचं नाही. आईनंही कधी काढलं नाही. माझ्या दाखल्यावर सुरत, रेशनकार्डावर सुरत. दोघं गेली ती नाव घेऊनच गेली."

"पण नाना, तुम्ही शोधायचं म्हटलं तर..."

"सापडेल ना. सोनवण्यांची गावं काय आभाळात आहेत?" ते किंचित हसले. "पण जाऊन म्हणायचं काय? तुम्ही ज्याला हाकललं त्याचा मुलगा आलोय, पाणी द्या?"

गाडी कुठल्याशा लहान स्टेशनवर थांबली. बाहेर कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही.

"आखाजीला सोसायटी रिकामी होते," नाना म्हणाले. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, माहेरवाशिणींच्या झोक्यांची आणि गड्यांच्या पत्त्यांची. "सगळे गावी जातात. शोभा माहेरी जाते. ती म्हणते चला, पण आखाजीला बाई माहेरी जाते, तिच्यामागे नवरा शोभत नाही. मग मी घरात एकटा पितरांची घागर भरतो आणि बसतो. कोणाचं तरी गाव उघडतो नकाशात. रस्ता कुठून आत शिरतो, विहीर कुठे आहे, देवळापुढे किती सावली पडते. बघत बसतो. मग खुंटी ठोकतो. तेवढ्यापुरतं त्या गावात जाऊन आल्यासारखं होतं."

मी त्या ओट्याच्या लिंकबद्दल त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. पण मला ते नीट जुळवता आलं नाही, आणि गाडी हलली.

स्टेशनवरून काळीपिवळी जीप करून आम्ही पिंप्रीत उतरलो. यावेळी बँड नव्हता, तरी गाव गोळा झालं. वेणूमायनं हात कपाळाशी नेऊन पाहिलं आणि ओरडली, "अरे, हाऊ तर चुकनारा भाऊ!"

नानांनी देवळापुढे उभं राहून दोन्ही हात जोडले. बहुधा गाडीत पाठ केलं असावं. "मी सोनवणे. त्या दिवशी माझ्या चुकीमुळे तुम्हाला तसदी..."

"तसदी काय दादा?" एक तरुण म्हणाला. तो त्या दिवशी मोटरसायकल घेऊन पुढे आला होता. "आमच्या गावात कोणी चुकूनही येत नाही. तुम्ही तर अख्खी वरात आणली."

वेणूमायनं ग्लास पुढे धरला. नानांनी या वेळी घेतला.

मग नानांनी सांगितलं की गावाची जागा लिहून घ्यायची आहे. गावाचा मध्य कोणता? झालं. देवळावाले देवळापाशी ओढायला लागले, टाकीवाले टाकीपाशी. एक जण म्हणाला, ग्रामपंचायत, कारण तिथे झेंडा आहे. दुसरा म्हणाला, तो झेंडा मागच्या सरपंचानं चुकीच्या जागी लावलाय. नाना भर उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. नकाशात वरून पाहिलेलं गाव आणि हे गाव यांत बराच फरक होता. वरून कुत्री दिसत नाहीत, भांडणं ऐकू येत नाहीत आणि कोणी तुमचा हात धरून "आमनी विहीर बी लिखा" म्हणत नाही. शेवटी नानांनी वेणूमायचा ओटा लिहिला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी हरकतही घेतली नाही, कारण त्यामुळे देवळावाले आणि टाकीवाले दोघंही सारखेच हरले.

भाकरी, शेवभाजी झाली. निघायच्या वेळी वेणूमायनं विचारायचं ते विचारलंच. "दादा, तुमनं गाव कोनतं?"

मला पुन्हा मिरचीवर जायचं सुचेना. नाना म्हणाले, "माय, मला गाव नाही." गाडीत मला सांगताना लागला होता तितका वेळही त्यांना लागला नाही.

म्हातारीनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. तिला त्यात मोठं काही वाटलं नाही. जसं एखाद्याकडे छत्री नाही म्हटल्यावर वाटतं, तेवढंच. "मग आखाजीले आठे ये," ती म्हणाली. "बाईलेबी लई ये. तिनाकरता झोका बांधसूत." आखाजीला इथे ये, बायकोलाही आण, तिच्यासाठी झोका बांधू.

येतानाच्या गाडीत नानांनी मोबाइल उघडला नाही. खिडकीला डोकं टेकून झोपले, पार उधन्यापर्यंत.

मला वाटलं होतं, बोलणं आहे, विरून जाईल. गाडीत भेटलेली माणसं एकमेकांना असंच लग्नाला बोलावतात. पण आखाजी आली, सोसायटी रिकामी व्हायला लागली, आणि शोभाकाकू जिन्यात मला भेटल्या त्या चिडलेल्याच. हातात पिशवी, मागे कुलूप लावणारे नाना. "बघा भाऊ, माहेरी चालले असते सुखानं. या वयात मला सासर काढलंय यांनी! आता तिथे डोक्यावर पदर घ्यायचा का, तेसुद्धा मला माहीत नाही."

"घ्यायचा," नाना कुलपाशी झटत म्हणाले. "मी फोन करून विचारलंय."

आम्ही साक्रीहून परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात नाना. उन्हानं काळवंडलेले. काकू मागे जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या. त्यांच्या तळहातांवर झोक्याच्या दोराचे वळ होते आणि त्या ते मिरवत होत्या. नाना पत्त्यांच्या डावात सपाटून हरले होते, असं त्यांनी स्वतःच मला दारात सांगितलं. त्या हरण्याचा त्यांना एवढा अभिमान होता की मी अभिनंदनच केलं.

नानांनी स्टीलचा डबा पुढे केला. आत सांजोऱ्या. "घ्या. गावाहून आणल्यात."

मी एक उचलली आणि चावली. दातांनी दाद दिली नाही. दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. काकू मागून म्हणाल्या, "कडक झाल्यात हो जरा. मी म्हटलं होतं तिथे, मोहन कमी पडतंय म्हणून."

नानांनी डबा झाकला आणि मला समजावून सांगितलं, "आमच्याकडे अशाच करतात."